'पासेन', 'पास्क' आणि वल्हांडण

एका वाचक ताईंनी विचारले आहे: "मुलगी-जावई नेदरलँड्समध्ये राहतात. त्यांच्या कॅलेंडरवर ईस्टरच्या रविवारी 'एर्स्टे पासदाख' आणि सोमवारी 'ट्वेडे पासदाख' छापलेले आहे. सणाचे नाव 'पासेन'. याचा इंग्रजी 'पास'शी काही संबंध आहे का? आणि मराठीत सोमवारला 'दुसरा ईस्टर' म्हणावे का?"

'पास'शी संबंध नाही. पासेनचे मूळ हिब्रू 'पेसाख'. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटका झाली त्याची आठवण म्हणून ज्यू लोक पाळतात तो सण. तिथून अरामी आणि ग्रीक 'पास्खा', मग लॅटिन, आणि लॅटिनमधून डच. जुन्या डच पुस्तकांत हा शब्द 'ख'च्या अक्षरांसह, 'पास्खेन' असा लिहिलेला दिसतो. तो 'ख' उच्चारातून केव्हाच गेला होता, पण लिखाणातून गेला तो विसाव्या शतकातल्या शुद्धलेखनाच्या सुधारणेत. उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतातल्या फ्रिशियन भाषेत मात्र मधले व्यंजन अजून शाबूत आहे. तिथे सणाला 'पीअस्के' म्हणतात.

हा 'स्क' ऐकून गोव्याची आठवण यायला हवी. कोकणीत ईस्टर म्हणजे 'पास्कांचें फेस्त'. पोर्तुगीज 'पास्कोआ'वरून आलेले. म्हणजे तुमच्या लेकीच्या शेजारी जो शब्द बोलला जातो, त्याचा सख्खा भाऊ पणजी-मडगावात शतकानुशतके राहतो आहे. दोघांत आणखी एक साम्य मला फार आवडते. कोकणीतले 'पास्कां' अनेकवचनी, आणि 'पासेन'मधला 'एन'ही मुळात अनेकवचनाचाच. आपण मराठीत पोर्तुगीजांचा 'नाताळ' घेतला, घरचा केला. पास्क मात्र गोव्यातच राहिला आणि आपल्या तोंडी इंग्रजी 'ईस्टर' बसला. तो शब्द निराळ्या कुळातला आहे. आठव्या शतकातल्या बीड या इंग्रज धर्मपंडिताने त्याचा संबंध एओस्त्रे नावाच्या देवीशी जोडला होता.

'पास'चा भास का होतो, तेही सांगतो. पेसाखच्या कथेत कोकराचे रक्त लावलेल्या दारांवरून अनर्थ पुढे निघून जातो. सोळाव्या शतकात बायबल इंग्रजीत आणताना विल्यम टिंडेलने त्यासाठी 'पासओव्हर' हा शब्द घडवला. आवाजही जवळचा, अर्थही जुळणारा. मराठी बायबलने आवाजाच्या मागे न जाता अर्थ धरला आणि ओलांडणे, वलांडणे या क्रियापदावरून 'वल्हांडण' असे नाव केले. मला हे भाषांतर टिंडेलच्या तोडीचे वाटते.

आता 'ट्वेडे पासदाख'. 'पासदाख' म्हणजे पासेनचा दिवस, म्हणून 'ईस्टरचा दुसरा दिवस' असेच लिहावे. 'दुसरा ईस्टर' म्हटले की सण पुन्हा आल्यासारखे वाटते. हे दोन्ही दिवस सार्वजनिक सुटीचे. डच नाताळालाही असेच दोन दिवस असतात. गुड फ्रायडेला मात्र सगळ्यांना सुटी नसते, अनेक जण कामावर असतात.

सणाच्या आसपासच्या दिवसांची नावेही अर्थासह घेण्याजोगी आहेत. आदल्या गुरुवारला 'पांढरा गुरुवार' आणि शनिवारला 'शांत शनिवार' म्हणतात. त्याआधीच्या रविवारी 'पाल्मपासेन', आपला झावळ्यांचा रविवार. पण त्या थंड देशात ताड-माड कुठले! तिथे बॉक्सवूड या झुडपाच्या हिरव्या डहाळ्या वापरतात, आणि लोक त्या झुडपालाच 'पाल्म' म्हणू लागले. मुले क्रुसाच्या आकाराची काठी त्या डहाळ्यांनी आणि खाऊने सजवून मिरवतात. टोकावर पावाचा कोंबडा बसवलेला असतो.

'पासहास' या शब्दाशी थोडे थांबायला हवे. अंडी लपवून ठेवणारा हा ससा. इंग्रजी 'बनी' बिळात राहणारा. डचमध्ये त्याला 'कोनाइन' म्हणतात. 'हास' मात्र उघड्या माळावरचा, लांब कानांचा. आपल्या रानातला ससाही याच जातकुळीतला, म्हणून 'पासहास'ला नुसता 'ससा' म्हटले तरी ते इंग्रजीपेक्षा अचूक ठरते.

पूर्वेकडे, ट्वेंटे आणि आख्टरहूक भागात, 'पासव्ह्यूर' पेटवतात: पासेनच्या आगी. २०१२ मध्ये एस्पेलो या खेड्याने ४५ मीटरांहून उंच ढीग रचला होता. याला मराठीत 'ईस्टरची होळी' म्हणण्याचा मोह होतो. ऋतू जवळचा, लाकडेही तशीच रचलेली. पण होळी म्हटले की होलिका आणि बोंबा सोबत येतात, म्हणून 'पासेनचा जाळ' बरा. याच भागात ओट्मार्सम नावाचे छोटे गाव आहे. तिथे अविवाहित तरुणांची जोडलेल्या हातांची रांग जुनी पास्काची गीते गात निघते, आणि मागे सारे गाव त्यात जोडले जाते. या मिरवणुकीला 'व्ल्योगेलन' म्हणतात. गल्ल्याबोळांतून, काही घरांच्या आतूनही ही रांग जाते. उंबरे ओलांडत जाणारी ती माणसे आणि आपला 'वल्हांडण' यांचा शास्त्रीय संबंध काही नाही, पण हा शब्द उच्चारताना मला तीच दिसतात.

एक म्हणही ऐकवतो: 'पासेन आणि पिंक्स्टरेन एकाच दिवशी आले तर'. पिंक्स्टरेन, म्हणजे पेंटेकॉस्ट हा ख्रिस्ती सण, पासेननंतर बरोबर ४९ दिवसांनी येतो, म्हणून अर्थ 'कधीच नाही'. आपण सूर्य पश्चिमेला उगवण्याची वाट पाहतो, ते पंचांगाची.

तेव्हा ताई, मराठीत लिहिताना सणाला सुरुवातीला 'ईस्टर' म्हणा, वाचकाला ते लगेच कळते. मग एकदा 'पासेन' हे नाव सांगा आणि पुढे 'पासेन'च चालू ठेवा. लेकीच्या शेजाऱ्यांना शुभेच्छा द्यायच्या असतील तर 'व्रोलिक पासेन', आनंदी ईस्टर. शेजारी कॅथलिक असतील तर त्यांच्याकडून 'ज़ालिख पासेन'ही ऐकू येईल: धन्य, पवित्र पासेन. आणि बोलताना शेवटचा 'न' बहुतेक जण गिळतात, त्यामुळे कानावर 'पासऽ' इतकेच पडेल.