मोटर कंट्रोलरमध्ये कोणतं काम हार्डवेअरला द्यायचं आणि कोणतं फर्मवेअरला, हे आधी कसं ठरवायचं?

बोर्ड दुसरा माणूस काढतोय, फर्मवेअर तुमच्याकडे आहे आणि कामाची वाटणी अडली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी मोटर ड्राइव्हवरच काम करतो, म्हणून एन्कोडर, म्हणजे मोटर किती आणि कुठल्या दिशेला फिरली ते पल्सने सांगणारा सेन्सर, घेऊन सांगतो.

समजा एन्कोडर १००० लाइनचा आहे, म्हणजे ए आणि बी या त्याच्या दोन सिग्नल वायरींवर एका फेऱ्याला प्रत्येकी १००० पल्स. दोन्हींचे सगळे एज (सिग्नल वर किंवा खाली जाण्याचे क्षण) धरले तर एका फेऱ्याला ४००० काउंट. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे, म्हणजे २ लाख काउंट. दर ५ मायक्रोसेकंदाला एक एज. ७२ मेगाहर्ट्झच्या एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलरला तेवढ्यात ३६० सायकल मिळतात. इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम थांबवून एजकडे बघणाऱ्या कोडमध्ये, नुसतं शिरायलाच १२ जातात, मग पिन वाचा, दिशा ठरवा, परत फिरा. कसंबसं भागतं. पण दुसऱ्या एखाद्या इंटरप्टने १० मायक्रोसेकंद अडवलं की काउंट बुडाला, आणि बुडालेला काउंट परत येत नाही. पोझिशन कायमची सरकते.

त्याच चिपच्या टायमरला एन्कोडर मोड आहे. दोन्ही वायरी त्याला दिल्या की मोजणी, दिशा, नॉइज फिल्टर सगळं तोच बघतो. काउंटर मात्र १६ बिटांचा. या वेगाला सेकंदाच्या एक तृतीयांशात भरून पुन्हा शून्यावर येतो. तेवढं फर्मवेअरने सांभाळायचं: दर मिलिसेकंदाला वाचा, मागच्या आकड्यातला फरक ३२ बिटांच्या बेरजेत टाका. मिलिसेकंदाला २००च काउंट येतात, काही घाई नाही.

खरी गोम पिनांत आहे. एन्कोडर मोड टायमरच्या चॅनेल १ आणि २ वरच चालतो. टायमर ४ साठी ते पीबी६ आणि पीबी७, आणि आय२सी१ (चिपांशी बोलायची दोन वायरींची बस) सुद्धा मुळात तिथेच बसतो. बोर्डवाल्याने तिथे ईईप्रॉम ही मेमरी चिप लावून एन्कोडर कुठल्यातरी मोकळ्या पिनांवर नेला की तुमच्या हाती फक्त इंटरप्ट उरतात. आय२सी पीबी८-९ वर हलवता येतो हो, पण ते बोर्ड छापायला जायच्या आधी कुणीतरी बोलायला हवं. पिनांचा तक्ता तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय स्किमॅटिक पुढे जाऊ देऊ नका.

कोडमध्ये एन्कोडर हा वेगळा घटक ठेवा. बाकीच्यांना पोझिशन वाचता यावी आणि शून्य करता यावी, बस्स. आत टायमर आहे की आरपी२०४० या दुसऱ्या चिपचा पीआयओ (पिना स्वतः हाताळणारं हार्डवेअर), हे कंट्रोल लूपला कळायचं कारण नाही. मात्र हेडरमध्ये लोक फंक्शनची नावं तेवढी लिहितात, तिथे मी कमाल काउंट-दर आणि किती वेळात वाचलंच पाहिजे हेही लिहितो. उद्या कुणी २५०० लाइनचा एन्कोडर आणला तर त्याच वेगाला २ मायक्रोसेकंद, १४४ सायकल. इंटरप्टचा पर्याय तिथेच निकालात निघतो.

तापमान, बटणं, डिस्प्ले यांचा काथ्याकूट नको, सरळ फर्मवेअरमध्ये टाका. ओव्हरकरंट मात्र कम्पॅरेटरवरून (करंट मर्यादेपलीकडे गेला की सिग्नल देणारं सर्किट) थेट टायमर १ च्या ब्रेक पिनला द्या, म्हणजे कोड लटकला तरी पीडब्ल्यूएम, म्हणजे मोटर चालवणारे पल्स, बंद होतो.