मिशनरी कुटुंब म्हणून परदेशात राहताना रोजचं जगणं कसं असतं? समोरच्या दुःखाला पुरेल एवढी करुणा कुठून आणायची?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला पाचारण झालंय, म्हणजे देवानेच मिशनच्या कामाला बोलावलंय, पुढच्या वर्षी दोन्ही मुलांना घेऊन निघताय, आणि रोज दारात येणाऱ्या माणसांना आपण पुरे पडू का याची धास्ती वाटते. नाही पडणार. कुणीच पडत नाही. ती धास्ती इथेच ठेवून जा.

रोजच्या जगण्यात ‘सेवा’ म्हणून दाखवता येईल असा भाग फार थोडा. बाकी पाणी भरणं, व्हिसा वाढवून घ्यायला खेटे घालणं, वीज आहे तोवर कामं उरकणं, मुलांचा अभ्यास, आणि डोकं भणभणेपर्यंत तिथली भाषा शिकणं. यातलं बरंचसं बाईच्या वाट्याला येतं. निघण्याआधी हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आता करुणेचं. आमच्या शेजारी एक बाई राहायची. देशाचं नाव देत नाही, आपली माणसं अजून तिथे आहेत. ती कधी बादली मागायला यायची, कधी औषध, कधी रोख पैसे. मी कधी द्यायचे, कधी नाही. आमच्या संस्थेतले एक वडीलधारे म्हणायचे, “फाटकावरूनच परत पाठवत जा, सवय लागते त्यांना.” ते ‘त्यांना’ माझ्या कानाला तेव्हाही खुपायचं.

एका रात्री धाकट्याला ताप चढला. हे दूरच्या गावांत गेलेले, फोनला रेंज नाही, घरात वीज नाही. पोरगं बरळायला लागलं तशी माझी पाचावर धारण बसली. त्याचं रडणं ऐकून ती बाई आपणहून आली. मला खांद्याला धरून खाली बसवलं. टॉर्च दातांत धरला, स्वतःच्या डोक्याचं फडकं सोडून पाण्यात पिळलं आणि त्याच्या काखा-मांड्या पुसत राहिली. मध्येच टॉर्च काढून काहीतरी बोलायची. मला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उजाडल्यावर दवाखान्यात आली, रांगेत माझ्या जागी उभी राहिली, नर्सशी भांडून रक्त तपासायला लावलं. मलेरिया निघाला. वेळेत औषध मिळालं.

हे सगळं मी प्रार्थनापत्रात, म्हणजे देणगीदारांना आणि आपल्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना जातं त्या पत्रात, लिहिलं. कार्यालयातून त्याच वडीलधाऱ्यांचा निरोप: हा मजकूर काढा, त्याऐवजी त्या बाईचा तिच्या झोपडीपुढचा फोटो पाठवा, मुलं दिसली तर उत्तम. मी फोटो पाठवला नाही. मजकूरही काढला नाही, तर त्यांनी काढला. “देणगीदार आपल्याला मदत करायला पैसे देतात, मदत घ्यायला नाही,” हे त्यांचं म्हणणं, आणि भेटले की अजून तेच ऐकवतात. रस्त्यावर जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा येशूने सांगितलेला दाखला, त्यावर त्यांचे उपदेश मी कितीदा ऐकलेत. प्रत्येक वेळी शोमरोनी आम्हीच. त्या रात्री रस्त्यावर पडलेले आम्ही होतो, एवढंच मी पत्रात लिहिलं होतं. परमुलखात राहायचं तर घेता आलं पाहिजे. ज्याला घेता येत नाही त्याच्या देण्याला मिजाशीचा वास येतो.

आणि ‘नवऱ्याला पाचारण झालंय’ याबद्दल. तुम्हाला झालंय का? मिशनरी विल्यम केरी १७९३ साली इंग्लंडहून बंगालमध्ये आले. मराठी व्याकरण (१८०५) लिहिणारे म्हणून आपल्याकडे त्यांचं नाव आदराने घेतात, घ्यावंच. त्यांची बायको डोरोथी आधी यायला तयारच नव्हती. तान्हं मूल घेऊन, बहिणीला सोबत घेऊन कशीबशी निघाली. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला. डोरोथीच्या मनाचा तोल गेला तो गेलाच. १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरली नाही. साऱ्या जगाचा कळवळा असलेल्या घरात तिच्या वाट्याला किती आला असेल? आमच्या त्या वडीलधाऱ्यांना हे विचारलं तर म्हणाले, “मोठ्या कामाला किंमत मोजावी लागते.” मोजली कुणी, ते बघा.

नुसता कळवळा पुरत नाही, हेही खरं. अमेरिकन मिशनरी घराण्यातली इडा स्कडर आजारी आईला बघायला दक्षिण भारतात आली होती, मिशनरी व्हायचंच नव्हतं तिला. एकाच रात्री तिघेजण दारात आले, प्रत्येकाची बायको बाळंतपणात अडलेली. तिचे वडील डॉक्टर, पण पुरुष डॉक्टर नको म्हणाले. इडाला त्यातलं काही येत नव्हतं. तिघीही गेल्या. ती अमेरिकेला परत गेली, डॉक्टर झाली आणि १९०० साली आली. वेल्लोरचं हॉस्पिटल त्यातून उभं राहिलं. तुमच्या हातात वर्ष आहे. प्रथमोपचार शिका, भाषा सुरू करा, रडण्या-बिडण्याला तिकडे वेळ मिळेल.

एक मात्र कबूल करते, रोख पैशांबाबत ते वडीलधारे अगदीच चूक नव्हते. एकाला दिले की दुसऱ्या दिवशी दारात दहा उभे राहतात, आणि न मिळालेल्यांशी वैर येतं. मोठी रक्कम तिथल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, जाणत्या माणसांना विचारूनच द्या. शिवाय माझा अनुभव एका गावाचा आहे. जिथे परक्याशी बोललेलंही शेजाऱ्याला महागात पडतं, तिथे मी सांगते तसं दार उघडं टाकून चालणार नाही.

मुलांच्या शाळेचंही विचारलंय तुम्ही. वसतिगृहात ठेवा असा आग्रह होईल. मी ठेवलं नाही. त्यावरूनही त्याच गृहस्थांशी वाजलं होतं, ते वेगळा प्रश्न टाकलात तर लिहीन.