कुवेतची ऑफर: देश श्रीमंत आहे, कंपनीचं बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मेकॅनिकल बी.ई., चाकणला सात वर्षं नोकरी, आता कुवेतच्या एका ठेकेदार कंपनीकडून महिना ४५० दिनारची ऑफर. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. आणि सासऱ्यांचं म्हणणं, "तेलावर जगणारा एवढासा देश. उद्या सगळं जग विजेच्या गाड्यांवर गेलं की हे काय खाणार, आणि तुम्हाला काय देणार?"

सासऱ्यांची काळजी रास्त आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवलंय. अहमदी आणि मिना अब्दुल्लाच्या रिफायनऱ्यांच्या कामांत माझी बरीच वर्षं गेली. इराकने घुसून केलेलं १९९० चं युद्ध सोडलं, तर देशाची तिजोरी रिकामी झाली म्हणून गाशा गुंडाळून परतलेला मराठी माणूस मला माहीत नाही. काँट्रॅक्ट संपलं म्हणून परतलेले मात्र हवे तेवढे दाखवतो. तेव्हा आधी देशाचं सांगतो आणि मग तुमच्या ४५० दिनारचं, कारण ही दोन खाती वेगळी आहेत.

कुवेत क्षेत्रफळाने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून जेमतेम मोठा. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, त्यात कुवेती नागरिक तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि भारतीय सुमारे दहा लाख. बुरगान या तेलक्षेत्रात १९३८ मध्ये तेल लागलं, महायुद्धामुळे काम थांबलं आणि पहिलं जहाज १९४६ मध्ये भरलं. त्याआधी मोती, खजूर आणि गलबतं यांवर चालणारं हे बंदर होतं आणि त्याचा मोठा व्यवहार मुंबईशी होता. इतका, की १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालायचा. आता एका दिनारला पावणेतीनशे ते तीनशे रुपये मोजावे लागतात. काळाचा महिमा, दुसरं काय.

तेलाचे साठे सुमारे १०० अब्ज बॅरल. रोजचा उपसा पंचवीस लाख बॅरलच्या आगेमागे. भागाकार करून बघा, शंभर वर्षं सहज निघतात. शिवाय बुरगानचं तेल काढायला जगात सर्वांत कमी खर्च येणाऱ्यांपैकी. जगाची तेलाची भूक उद्या निम्म्यावर आली, तरी आधी महागड्या विहिरी बंद पडतील. कुवेतचा नंबर शेवटच्या काहींत लागेल. कुवेत पेट्रोलियम या सरकारी तेलकंपनीचा विचार तर उलट दिशेचा आहे: २०३५ पर्यंत क्षमता रोजच्या चाळीस लाख बॅरलपर्यंत न्यायची.

पैसाही साठवलेला आहे. १९५३ मध्ये, म्हणजे कुवेतच्या स्वातंत्र्याच्याही आधी, यांनी तेलाचा पैसा लंडनमधून गुंतवायला सुरुवात केली. १९७४ मध्ये डायमलर-बेंझचे मोठे शेअर घेतले. १९७६ मध्ये 'भावी पिढ्यांचा निधी' स्थापन केला आणि दरवर्षी उत्पन्नाचे दहा टक्के त्यात टाकण्याचा कायदा केला. आज या सगळ्या गुंतवणुकीचा अंदाज एक हजार अब्ज डॉलरच्या घरात सांगतात. १९९०-९१ च्या युद्धानंतर सहाशेहून जास्त विहिरी पेटलेल्या आणि उत्पादन ठप्प असताना देश याच पैशावर उभा राहिला.

मग दरवर्षी तुटीच्या बातम्या का येतात? कारण भावी पिढ्यांच्या निधीला सरकार सहजासहजी हात लावू शकत नाही. रोजचा खर्च वेगळ्या खात्यातून चालतो आणि ते खातं २०२० मध्ये खरंच खडखडीत झालं होतं. एफडी भरपूर, पण बचत खात्यात दुधाचं बिल भरायला पैसे नाहीत, तशी गत. अर्थमंत्र्यांनी संसदेत उघड सांगितलं होतं की काही महिन्यांपलीकडचे पगार द्यायला रोकड नाही. कर्ज काढावं तर कर्जाचा कायदा २०१७ मध्ये संपलेला, आणि संसद नवा होऊ देईना. मे २०२४ मध्ये अमिरांनी संसद बरखास्त करून राज्यघटनेची काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. मार्च २०२५ मध्ये तीस अब्ज दिनारपर्यंत कर्ज काढण्याचा कायदा आला आणि त्याच ऑक्टोबरात सव्वाअकरा अब्ज डॉलरचे रोखे विकलेही गेले. लोकशाहीचं काय झालं हा वेगळा विषय आहे आणि इथे राहून त्यावर चर्चा करू नये हा माझा तुम्हाला पहिला व्यावहारिक सल्ला. पण अडकलेल्या निविदा हलल्या, हे साइटवर दिसलं.

२०२५-२६ चं अंदाजपत्रक डोळ्यांखालून घाला. खर्च साडेचोवीस अब्ज दिनार, उत्पन्न सव्वाअठरा अब्जांच्या आत, आणि हिशेब ६८ डॉलर बॅरलचा धरलेला. तूट भरून निघायला नव्वदच्या वर भाव हवा. खर्चातले जवळजवळ चार पंचमांश पगार आणि अनुदानांवर जातात. कुवेती माणूस सहसा सरकारी नोकरीत असतो. पेट्रोल ८५ फिल्स लिटर (हजार फिल्सचा एक दिनार), वीज जवळपास फुकट, आणि पगारावर आयकर नाही, नागरिकाला नाही आणि तुम्हालाही नाही. रस्ते, इमारती, वीजकेंद्रं यांच्या वाट्याला दहावा हिस्सा उरतो. तेलाचा भाव पडला की सरकार नागरिकाच्या पगाराला कात्री लावत नाही, कात्री या दहाव्या हिश्श्याला लागते. आणि आपण सगळे राहतो त्या दहाव्या हिश्श्यात. तेलकंपन्यांचं अंदाजपत्रक सरकारपासून वेगळं असतं, त्यामुळे तेलक्षेत्रातलं काम थोडं भक्कम. पण २०१५-१६ ला आणि कोरोनात तिथेही कामं पुढे ढकलली गेली.

आता तुमचं. ऑफर लेटरवर कंपनीचं नाव आहे, पण ती कंपनी साखळीत कितव्या पायरीवर आहे ते लिहिलेलं नाही. वर मालक, म्हणजे तेलकंपनी. खाली मुख्य ठेकेदार. त्याच्या खाली उपठेकेदार, आणि सगळ्यांत खाली नुसती माणसं पुरवणारा. वरचं बिल दोन महिने अडकलं की खाली चार महिने पगार लांबतो. मी ज्या मॅनपॉवर काँट्रॅक्टवर सुरुवातीला होतो, त्याची मुदत संपल्यावर फेरनिविदा निघाली. सर्वांत कमी दराच्या नव्या ठेकेदाराला काम गेलं. टेबल तेच, खुर्ची तीच, छातीवरच्या बॅजवर कंपनी नवी आणि पगार कमी. ज्यांना कमी पगार मान्य नव्हता त्यांनी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करून विमान पकडलं. त्या महिन्यात तेलाचा भाव चांगला चढा होता, हे सासऱ्यांना आवर्जून सांगा.

म्हणून कंपनीला लेखी विचारा: प्रकल्प कोणता, मालक कोण, काँट्रॅक्ट कधी संपतंय, आणि माझा व्हिसा त्या सरकारी काँट्रॅक्टवर निघणार की कंपनीच्या स्वतःच्या फाइलवर? सरकारी काँट्रॅक्टच्या व्हिसावर दुसरीकडे बदली मिळणं अवघड असतं. काँट्रॅक्ट संपलं की बहुतेकांना घरचा रस्ता.

दुसरी गोष्ट तुमच्या डिग्रीची, आणि ही तुम्ही विचारलीही नाहीत. वर्क परमिटवर 'इंजिनीयर' हे पद हवं असेल तर कुवेत सोसायटी ऑफ इंजिनीयर्सची मंजुरी लागते. ते बघतात की तुमच्या कॉलेजच्या त्या शाखेला एनबीएची, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनची, मान्यता होती का. एआयसीटीईची मान्यता, विद्यापीठाचं नाव, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, सगळं बाजूला. २०१८ पासून या एका अटीपायी आपले कितीतरी लोक अडकले. दहा-दहा वर्षं इंजिनीयर म्हणून काम केलेल्यांना परमिटवर सुपरवायझर किंवा टेक्निशियन होऊन बसावं लागलं. कॉलेजचं आणि तुमच्या बॅचच्या वर्षाचं आजच एनबीएच्या यादीत तपासा. नसेल तर येऊ नका असं म्हणत नाही, पण मग इंजिनीयरच्या पदावर बोलणी करून उपयोग नाही.

याचा धागा थेट तुमच्या मुलीपर्यंत जातो. कुटुंबाला आणायचं तर सर्वसाधारण अट आहे पगार किमान ८०० दिनार. तुमच्या हातात ४५०. काही पेशांना सवलती मिळत आल्या आहेत, पण त्या परमिटवर जे पद छापलंय त्याला मिळतात, भिंतीवरच्या डिग्रीला नव्हे. हे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे "आल्यावर बघू, सगळं होतं" असं एजंट म्हणाला तर ते नकार म्हणूनच ऐका. थोडक्यात, ४५० वर याल तर एकटे याल असं धरून चला.

एकट्यासाठी ४५० वाईट नाही. राहणं आणि साइटला नेणारी बस कंपनीची असेल, तर शंभर-सव्वाशे दिनारमध्ये महिना निघतो आणि तीनशे तरी घरी जातात. म्हणजे ऐंशी-नव्वद हजार रुपये. चाकणला तुमचा हातात येणारा पगार साठ हजारांच्या आसपास असेल, तर बायको-मुलीपासून लांब राहण्याची किंमत वीस-तीस हजार होते. ती घ्यावी की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, माझ्यासारख्या परक्याने नाही. राहण्याची जागा ऑफरमध्ये नसेल, तर आकडा बराच खाली येतो. आणि जागा देतात म्हणजे कुठली, एका खोलीत किती जण, हे विचारायला लाजू नका. जून २०२४ मध्ये मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून पन्नासच्या आसपास माणसं गेली, बहुतेक भारतीय. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या, पण विचारायचं ते विचारायचंच.

ग्रॅच्युइटीला इथे इन्डेम्निटी म्हणतात. पहिली पाच वर्षं दरवर्षाला पंधरा दिवसांचा पगार, पुढे दरवर्षाला महिन्याचा. दिवसाचा पगार महिन्याला २६ ने भागून काढतात. ४५० धरले तर वर्षाला साधारण २६० दिनार होतात. पण मुदत न ठरवलेला करार असेल आणि तुम्हीच राजीनामा दिलात, तर तीन वर्षांच्या आत काही नाही, तीन ते पाच वर्षांत निम्मे, पाच ते दहात दोन तृतीयांश, आणि पूर्ण हक्क दहा वर्षांनी. चार वर्षांनी सोडलंत तर हातात सव्वापाचशेच्या आत. आणखी एक डाव बघा: ४५० चं विभाजन बेसिक २०० आणि भत्ते २५० असं केलेलं असतं, आणि ओव्हरटाइम, इन्डेम्निटी सगळं बेसिकवर मोजायला बसतात. त्यावर भांडता येतं, पण भांडायला लागू नये म्हणून आत्ताच ठरवून घ्या.

जुलै २०२५ पासून खासगी नोकरीतल्या माणसाला देशाबाहेर जाताना मालकाच्या मंजुरीचं एग्झिट परमिट लागतं. ते ऑनलाइन निघतं, चांगल्या कंपनीत काही मिनिटांचं काम. वाईट कंपनीत घरी कोणी आजारी असताना मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, फोन उचलत नाही. म्हणूनच कंपनी बघा म्हणतोय. तिथे आधी काम केलेला एखादा माणूस शोधा आणि त्याला एकच विचारा, पगार कितव्या तारखेला होतो.

उन्हाळ्याबद्दल पानं भरणार नाही. २०१६ मध्ये इथल्या मित्रिबा या ठिकाणी ५३.९ अंश नोंदले गेले, एवढं पुरे. जून ते ऑगस्ट दुपारी ११ ते ४ उघड्यावर काम बंद असतं, म्हणून साइट पहाटे सुरू होते. २०२४ च्या जूनमध्ये इथे पहिल्यांदा ठरवून लोडशेडिंग झालं. तेलावर तरंगणाऱ्या देशात दिवे जातात हे ऐकून आमच्या घरी लातूरला सगळे खूश झाले होते.

दुबई बरी का? पगाराचा आकडा सारखाच असेल तर कुटुंबासाठी दुबई, साठवणुकीसाठी कुवेत. दुबईने पर्यटन, बंदर, विमानसेवा उभी केली. कुवेतने 'व्हिजन २०३५' लिहून काढलं, पण अजून सरकारी उत्पन्नाचे बहुतेक पैसे तेलाचेच. त्यात सगळं तेल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातं, सौदीसारखी दुसऱ्या समुद्राला जाणारी पाइपलाइन नाही. सासऱ्यांना काळजीच करायची असेल तर विजेच्या गाड्यांपेक्षा त्या सामुद्रधुनीची करावी.

एजंट ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. कायद्याने तो तुमच्याकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. दीड लाख मागत असेल तर दार दाखवा. डिग्रीचं अटेस्टेशन इथे यायच्या आधी पूर्ण करा, कुवेतचा वाणिज्य दूतावास मुंबईतच आहे. बँकेत एनआरई खातं, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायचं खातं, उघडायला विसरू नका.

माझ्या मते ४५० वर लगेच हो म्हणू नका. एनबीएच्या यादीत कॉलेज असेल तर ते पत्र जोडून इंजिनीयर पद, राहण्याची सोय आणि ६०० मागा. ५५० वर आले तर विचार करण्यासारखं आहे. मुलीच्या शाळेबद्दल विचारलंत, ते कुटुंबाच्या व्हिसाचं ठरलं की सांगतो. प्रवेश इथे एप्रिलच्या वर्षाला असतात, तोवर वेळ आहे.