गावी राहून मराठीत ब्लॉग लिहायचा, तर वाचणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातलं आयटीचं काम घरून करायची मुभा मिळाली म्हणून प्रश्न विचारणाऱ्या ताई गुहागरकडच्या आपल्या गावी आल्या आहेत. तंत्रज्ञान, स्वतःची चित्रं आणि गावचं रोजचं जगणं यावर मराठीत ब्लॉग लिहायचा विचार आहे. तिन्ही विषय एकत्र चालतील की तीन वेगळे ब्लॉग काढावेत, आणि रीलच्या जमान्यात हे वाचणार कोण, असं त्यांनी विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. चाकरमानी वाचतात.

मी रत्नागिरी तालुक्यात राहतो. हापूसची थोडी कलमं आहेत. तेवढ्यावर भागत नाही म्हणून कॉम्प्युटर, राऊटर, इन्व्हर्टर दुरुस्तीची कामं करतो. ब्लॉग बरीच वर्षं चालू आहे. त्यावर येऊन काही विचारणाऱ्यांत डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याची माणसं जास्त, म्हणजे ज्यांचं गावी कुलूप लावलेलं घर आहे ती. गणपती करून परत निघताना मेन स्विच पाडून जायचं की इन्व्हर्टरची बॅटरी चार्जिंगला ठेवायची? विहिरीवरच्या पंपाला सिमकार्डवाला स्टार्टर बसवलाय, मुंबईहून फोन केला की मोटर चालू होते, पण विहिरीत पाणीच नसलं तर? (मोटर कोरडी चालली की करंट कमी ओढते. ते ओळखून बंद करणारं ड्राय रनचं संरक्षण त्या स्टार्टरमध्ये आहे का, हे विकत घेतानाच विचारायचं.) असले प्रश्न माणसं मराठीतच शोधतात, कारण गावच्या घराचा विचार ती मराठीतच करतात. उत्तरं मात्र सापडतात इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि तीही पंजाबातल्या शेताला धरून.

माझी सगळ्यात जास्त वाचली जाणारी पोस्ट ‘वीज कडाडायला लागली की काय काय काढायचं’ ही आहे. मे अखेरचा वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, दोन्ही वेळी गडगडाट जोरात असतो आणि माझ्या टेबलावर जळके राऊटर जमतात. गिऱ्हाईक हमखास म्हणतं, ‘‘अहो, फायबर म्हणजे काच. काचेतून वीज येईलच कशी?’’ बरोबर आहे, काचेतून येत नाही. ती येते ॲडॉप्टरमधून, म्हणजे लाईटच्या लाईनीतून. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कॅमेरा लावला असेल तर त्याच्या तांब्याच्या लॅन केबलमधूनही येते. खांबांवरून ओढलेल्या काही फायबर केबलींना आधाराला धातूची तार असते, ती निराळीच. बटण बंद करून भागत नाही, कारण बटणाच्या आतली फट इतकी बारीक असते की असा दाब तिला जुमानत नाही. प्लगच उपटून ठेवायचा आणि लॅनची वायरही काढायची. एवढंच लिहिलं, जळलेल्या बोर्डाचे जवळून काढलेले दोन फोटो लावले. दरवर्षी मे संपता संपता या पोस्टवर गर्दी होते, मला काही करावं लागत नाही.

आता रीलचं. ढग गडगडायला लागल्यावर कुणी बारा मिनिटांचा व्हिडिओ उघडून ‘नमस्कार मित्रांनो’ संपायची वाट बघत बसत नाही. शिवाय आपल्याकडे पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून वाडीत गेलं की नेटवर्कची एक काडी राहते. त्यावर व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो, मजकूर मात्र उघडतो. म्हणून पानं हलकी ठेवा. फोनमधून निघालेला फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो लहान करून दोनशे केबीपर्यंत आणा. तुमच्या चित्रांच्या बाबतीत हे जीवावर येईल, तरी करा. मोठा फोटो हवा असेल त्याला वेगळी लिंक द्या.

तीन ब्लॉग अजिबात करू नका. एकेक करून तिन्ही बंद पडतील, आणि मुळात गावात हे विषय वेगळे राहतच नाहीत. एक उदाहरण देतो. आषाढात हवेत इतकी ओल असते की कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सला आतून बुरशी धरते, बारीक जाळीसारखी. तुमच्या वॉटरकलरच्या कागदालाही तेच होतं. कागदावर जो सरसाचा हात दिलेला असतो तोच बुरशीचा खाऊ, मग रंग लावला की ठिपके ठिपके पडतात. उपाय दोघांनाही एकच: घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी पडले की त्यांनी पाणी पोटभर प्यायलं, तापवून वाळवले की पुन्हा निळे होतात. फक्त स्वयंपाकाचा तवा वापरू नका, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. नारिंगी दाणे मिळतात, ते त्यातल्या त्यात बरे. आता ही पोस्ट तंत्रज्ञानाची, चित्रकलेची की रोजच्या जगण्याची? लेबलं तीनही लावा आणि सोडून द्या.

दुसरं उदाहरण जाखडीचं. गणपतीत वाडीतली पोरं नाचतात तेव्हा सगळे समोर उभे राहून फोनवर रेकॉर्ड करतात. नंतर ऐकलं तर नुसती ढोलकी आणि घुंगरं, गाण्याचे शब्द गायब. होतं असं की मोठी थाप पडली की फोन आपोआप सगळाच आवाज दाबतो, आणि त्यात गाणाऱ्या बुवांचा गळाही बुडतो. जाखडीत गाणारे-वाजवणारे मधे बसलेले असतात आणि नाचणारे भोवती फिरत असतात. म्हणून मी दुसरा एक जुना फोन मधेच, गाणाऱ्याच्या बाजूला, चौपदरी टॉवेलवर ठेवतो. टॉवेल नसेल तर पायांचे ठेके जमिनीतून फोनमध्ये शिरतात. चित्रण समोरच्या फोनचं घ्यायचं, आवाज टॉवेलवरच्याचा, आणि दोन्ही नंतर जुळवायचे. जुळवायला सोपं जावं म्हणून सुरुवातीला एक टाळी वाजवायची. यावर मी लिहिलं तेव्हा चौकशी करायला आले ते शेजारच्या तालुक्यातले एक शाहीर. त्यांना शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन पक्षांच्या गाण्यातल्या सवाल-जवाबाच्या, सामन्याचं रेकॉर्डिंग करायचं होतं.

लिहायला विषय कुठून आणायचे, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचाराल. जे घरच्या माणसांना माहीत आहे आणि गुगलला माहीत नाही, ते. आपल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवरची, कातळशिल्पंच घ्या, कातळात कोरलेली जुनी चित्रं. गुराख्यांना, सड्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्यातली कितीतरी चित्रं माहीत होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखी माणसं गावोगाव विचारत हिंडली, त्यांनी नोंदी केल्या, तेव्हा ती जगासमोर आली आणि 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आपलं काम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण जात तीच: विचारायचं आणि लिहून ठेवायचं. ‘कोकणातील दहा रमणीय किनारे’ लिहू नका. ते आता एआय मिनिटाला एक लिहून देतं, आणि त्यात वेळणेश्वर कधीकधी सिंधुदुर्गात असतं.

काय लिहायचं नाही तेही सांगतो. सामायिक सातबारा, बांधावरची कुरबुर, गावकीतला मानपानाचा वाद, कुणाचं आजारपण. नाव न घेता लिहिलं तरी तिसऱ्या दिवशी नाक्यावर सगळ्यांना कळलेलं असतं कोणाबद्दल आहे ते. शहरातल्या ब्लॉगला ही अडचण नसते.

वेळापत्रकाचं म्हणाल तर ‘दर सोमवारी पोस्ट’ वगैरे आपल्याकडे चालत नाही. मोहोर आल्यापासून पेट्या भरेपर्यंत माझा ब्लॉग झोपलेला असतो. बागेत काही सुचलं तर फोनला बोलून ठेवतो, गुगलचं मराठी बोलून टाइप करणं 2017 पासून आहे आणि कामापुरतं ठीक चालतं. मग आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं उरकली, लाकडं आत आली, की जून-जुलैत बसून लिहितो. लाईट जाते-येते म्हणून सगळं आधी ऑफलाइन लिहायचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, हे लक्षात ठेवून घरच्या कॉम्प्युटरवर साइट चालवायचे उद्योग करू नका. आयटीवाल्यांना ती हौस असते म्हणून मुद्दाम सांगितलं.

जागा म्हणून गुगलचं ब्लॉगर पुरेसं आहे, फुकट आहे. तुम्हाला कोड जमतो तर ह्यूगोसारख्या साधनाने साधी पानं बनवून ठेवलीत तर आणखी हलकी होतील. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी करा. एक, स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला हजाराच्या आसपास खर्च येतो. उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे गेलात तरी पत्ता तुमचाच राहतो. दुसरी गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांनाच छळते. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत दिलं की पानाच्या पत्त्यात ते उतरतच नाही, सगळ्या पोस्टचं नाव ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा. वर्डप्रेसवर उतरतं, पण तीच लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवली की टक्क्यांच्या चिन्हांची, ट्रक वाहणाऱ्या रो-रो रेल्वेगाडीएवढी लांब रांग होते, आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. म्हणून प्रसिद्ध करायच्या आधी पर्मालिंकमध्ये (पानाचा पत्ता ठरवायच्या जागी) जाऊन दोन-तीन शब्दांचा पत्ता रोमन लिपीत हाताने लिहा. एकदा लिंक गावच्या ग्रुपवर फिरली की मागाहून बदलून उपयोग नाही, जुनी तुटते. बॅकअपचं म्हणाल तर ब्लॉगरमधून मजकुराची फाइल उतरवता येते, पण फोटो त्यात येत नाहीत. ते वेगळे जपून ठेवा, चित्रांचे तर नक्कीच.

पैशांचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी कुणीतरी विचारतंच. ॲडसेन्सचे, म्हणजे गुगलच्या जाहिरातींचे, पैसे शंभर डॉलर जमल्याशिवाय हातात येत नाहीत, आणि मराठी ब्लॉगला तिथवर जायला फार वेळ लागतो. मी जाहिराती काढून टाकल्या, कारण एका काडीच्या नेटवर्कवर त्याच सगळ्यात जड पडत होत्या. त्याऐवजी प्रत्येक पोस्टखाली मी कुठली दुरुस्ती करतो ते एका ओळीत लिहिलं. मे महिन्यात गावी येणारी मंडळी आता वाटेतच जळका राऊटर टाकून जातात, आणि काहीजण निघताना आंब्याची पेटीही नेतात. तुमच्या बाबतीत ती ओळ चित्रांची असेल.