शटर ओढण्याआधी

वर्कशॉप टाकून वर्षही झालं नाही, नियमित ऑर्डर नाही, म्हणून शटर ओढायचा विचार करतोयस. थांब जरा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासेल, अशी भीती होती. पहिला नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली. १९१० मध्ये औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळरान दिलं, तिथे निवडुंग काढून किर्लोस्करवाडी उभी राहिली.

माणूस आशावादी होताच, पण हातावर हात ठेवून बसला नव्हता. तूही ज्यांनी नकार दिला त्यांना पुन्हा फोन कर. भाव खटकला, फिनिशिंग की डिलिव्हरीची तारीख, हे नेमकं विचार. राग आला तरी गिळ. सगळीकडून एकच तक्रार आली, तर माल बदल. हट्टाला जिद्द म्हणू नकोस.

आणि उधारी! उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, उद्याच कर. मग कायद्याने गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत तुझे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. (पहिल्याच बिलावर व्याजाची भाषा मात्र नको.) दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि कामगारांचा पगार बाजूला ठेव. रिकाम्या खिशाने मन खंबीर ठेवणारे थोडेच. मी त्यातला नाही.