आजीचं ‘बुद्धं’ आणि इथलं ‘फुत्थंग’

प्रिय राणी,

काल फोनवर तू विचारलंस, “आजी त्रिसरण मराठीत का म्हणत नाही? आणि बँकॉकच्या विहारातले लोक ‘फुत्थंग सरणंग खच्छामि’ असं चुकीचं का म्हणत होते?”

आधी दुसरा प्रश्न घेतो. बेटा, ते चुकत नव्हते. त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याची वचनं, पालीत आहेत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत. त्यातलं ‘बुद्धं सरणं गच्छामि’च ते थाई उच्चारात म्हणत होते. पालीतला ब थाई लोकांच्या तोंडी फ होतो, द आणि ध दोन्ही थ होतात, ग चा ख होतो. लिहिताना मात्र ते मूळ अक्षरांची जागा नीट सांभाळतात. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, म्यानमारमध्ये बर्मी, इथे थाई आणि आपल्याकडे देवनागरी.

पण पाली इथे विहारापुरती राहिली नाही, आणि मला त्याचंच फार अप्रूप वाटतं. शाळेतल्या विषयाला इथे ‘विछा’ म्हणतात, म्हणजे पालीतलं ‘विज्जा’, आपली विद्या. शास्त्रांच्या नावांत मात्र संस्कृत रूप येतं: मानसशास्त्र म्हणजे ‘चित्तवित्थया’. संस्कृत इथे ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या, दरबारांमार्फत आली, पाली श्रीलंकेच्या भिक्खूपरंपरेतून. त्यामुळे एकाच मुळाचे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. भानावर राहा असं सांगताना लोक ‘सति’ हा शब्द वापरतात, तोही पालीच. सरकारला म्हणतात ‘रत्थबान’, म्हणजे ‘रट्ठपाल’, राष्ट्राचा पालक. शेवटच्या ल चा इथे न होतो. हेच ‘रट्ठ’ श्रीलंकेच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात आपल्यासाठीही आलंय. अशोकाच्या काळात महाधम्मरक्खित नावाच्या थेरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंना, ‘महारट्ठ’ म्हणजे महाराष्ट्र देशी पाठवलं, असं त्यात लिहिलंय.

एक मात्र लक्षात ठेव. पालीत हत्थ, सत्त, अट्ठ आणि मराठीत हात, सात, आठ असले, तरी मराठी पालीची लेक नव्हे. आपली भाषा महाराष्ट्री प्राकृतातून आली. पाली तिच्या नात्यातली. थाई भाषेचं कूळ मात्र पूर्ण वेगळं, तिने हे शब्द बाहेरून घेतले आणि आपलेसे केले.

आता आजीचं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून. ते मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. कुशीनगरला राहणाऱ्या त्या भिक्खूंनी दिलेलं त्रिसरण पालीतलंच होतं. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा अभ्यास केला, तिचा शब्दकोशही रचायला घेतला. अर्थ आपण मराठीत समजून घ्यायचाच, त्यात कसूर नको. पंचशीलाची एकेक ओळ आजीला विचार, ती समजावून सांगेल. पण शब्द पालीत ठेवले म्हणून कोलंबोतली, यांगूनमधली आणि नागपुरातली माणसं एकमेकांची भाषा न येताही एकत्र बसून वंदना घेऊ शकतात.

जय भीम.

तुझे बाबा