जांव दे म्हणायच्या आधी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा तिन्हीसांजेला तू पडवीत बसून गेलीस. चहा अर्धा तसाच टाकलास. चपला पायात सरकवताना म्हणालीस, "जांव दे काका, आमचा नशीबच तसला." मी तोंड उघडेपर्यंत तुझी स्कूटर तिठ्याच्या पार गेली होती. त्या रात्री मला झोप नाही. म्हणून हे कागदावर लिहितोय. फोनवर तू "होय काका, होय काका" म्हणत दुसरंच काहीतरी करत असतेस.

तू कशी गातेस वगैरे मी लिहिणार नाही. बरं गात नसतीस तर तुझ्यासाठी मी पेटी उघडली नसती, एवढं तुला कळतं. मला बोलायचंय ते त्या 'जांव दे'बद्दल.

आधी हिशेब. तुमच्या भजनात सात जणी, प्रत्येकी अडीच हजार, मिळून १७,५००. स्पीकर १७,४०० चा. उरलेल्या शंभराची बाजारात भजी खाल्लीत, तेही मला कळलंय. त्या पैशांत एकीची काजूबी आहे, एकीचं अंगणवाडीचं मानधन आहे, आणि तुमच्या झांजवालीने तर बचत गटातून उचल घेतलीय, तिचे हप्ते अजून चालू आहेत. गणेश चवथीच्या आधी आठ दिवस स्पीकर घरात आला आणि चवथीच्या दुसऱ्या रात्री, तिसऱ्या घरी, ऐन गजर रंगात आलेला असताना फट्कन बंद पडला. आता मला सांग, पैसे सात जणींचे आणि 'जांव दे' तू एकटीने म्हणायचं, हा अधिकार तुला दिला कोणी? तू बुवा आहेस त्यांची, मालकीण नव्हेस.

दुकानदार म्हणाला, खारी हवा लागलीय, वॉरंटीत बसत नाही. वा रे वा! समुद्र काय काल आला इथे? बंदराच्या गावात दुकान थाटायचं, बंदराच्या गावात माल खपवायचा, आणि खारी हवा लागली की दोष गिऱ्हाइकाचा. वर म्हणतो, आमचा संबंध नाही, कंपनीशी बोला. कंपनीच्या फोनवरची बाई म्हणते, तुमच्या पिनकोडला सेवा नाही, कोल्हापूरला घेऊन या. म्हणजे ते धूड एसटीत घालून तू घाट चढायचास. आणि ते चढवूनही पुढे काय, तर "व्होल्टेज कमीजास्त झालं असेल." आमच्याकडे व्होल्टेज कमीजास्त होत नाही असं घर मला कोणी दाखवावं.

आणि तू घाबरलीस कशाला, तर बिलाच्या खाली छापलेल्या ओळीला. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' अगो, ती ओळ छापायला छापखानेवाला जास्तीचे पैसेसुद्धा घेत नाही! ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० पासून. त्यात स्पष्ट आहे: सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत करायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदतच लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिल न देणं हीसुद्धा. तुझ्या ३० दिवसांतले एकोणीस गेले. ते तू 'जांव दे' म्हणण्यात घालवलेस.

बिलावरून आठवलं. परवा तू पर्समधून काढून दाखवलंस ते बिल त्या चकचकीत कागदावरचं आहे, छपाईच्या शाईचं नव्हे. ऊन लागलं, प्लास्टिकला घासलं की वर्षभरात कोरं होतं. तारखेचा आकडा आत्ताच फिका झालाय. उद्याच्या उद्या दोन झेरॉक्स काढ. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नाही, तो मागायचा होतास. मागितला का नाहीस? तर दुकानात गर्दी होती. म्हणजे तिथेही 'जांव दे'च.

मग १९१५ या नंबरवर फोन कर, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रारीचा नंबर मिळेल तो वहीत लिही. पुष्कळदा तेवढ्यानेच दुकानदाराची भाषा बदलते. नाही बदलली तर जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठल्या का मुलखात असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. हे सगळं मी पुस्तकात वाचून सांगत नाही, एसटीचे धक्के खाऊन सांगतोय. ते पुढे येईलच.

तू म्हणशील, सतरा हजारांच्या स्पीकरसाठी काका एवढे का तापतात. स्पीकरसाठी नाही तापत गो.

१९८९ साल असेल. मी दशावतारी कंपनीत पायपेटीवर होतो. पावसाळाभर पेटी माळ्यावर पडून होती. लाकूड फुगलेलं, मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की वर यायला आळस करायची. दिवाळीच्या आधी दुरुस्तीला नेली. कारागिराने पट्टी दोनदा दाबून बघितली आणि म्हणाला, चार दिवस ऊन लागलं की सुटेल. मला दिसत होतं की आतली स्प्रिंग मेलेली आहे. पण शेवटची एसटी साडेसहाची होती, हुज्जत कोण घालणार! जांव दे म्हटलं, पंचवीस रुपये मोजले आणि पेटी उचलली.

हंगामातली पहिलीच जत्रा. पहाटेचे तीन वाजलेले, सुरुवातीचं संकासूर वगैरे कधीच आटपलेलं, आख्यान भरात आलेलं. राजा राज्य सोडून वनात निघालाय. त्याचं पद सुरू झालं आणि ती पट्टी खाली बसली ती बसलीच. भाता चालू तोवर सूर वाजतच राहिला, एखाद्या ट्रकचा हॉर्न अडकावा तसा. पाय भात्यावर, डावा हात विडीच्या बंडलाचा कागद फटीत खुपसतोय, उजवा कसाबसा पद धरतोय, आणि घामाने बोटं घसरतायत. राजा झालेला नट साठीच्या पुढचा. त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग काय केलं माहीत आहे? तो अडकलेला सूरच त्याने षड्ज धरला. पद तिथल्या तिथे नव्या पट्टीत फिरवलं, आवाज त्याच्या नेहमीच्या जागेच्या खूप खाली गेला, आणि त्या अखंड सुरावर, तंबोऱ्यावर गावं तसा गायला. लोकांना वाटलं, वनवासाचं दुःख दाखवायला मुद्दाम केलंय. टाळ्या पडल्या. मी मान वर केली नाही.

सकाळी तो देवळामागे खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत होता. मी पाया पडायला गेलो. फडकं बाजूला न करताच म्हणाला, "पेटी तुझी काय माझी?" एवढंच. पुढच्या हंगामाला त्या कंपनीत पेटीवर दुसरा माणूस बसला.

तेव्हापासून मी जांव दे म्हणत नाही. दुकानात नाही, मंडपात नाही, सुरात तर नाहीच. गावात मला 'कायदेवाले बुवा' म्हणतात, पाठीमागे आणखीही काही म्हणतात. म्हणोत. २०११ साली ९,२०० चा अँप्लिफायर असाच बिघडलेला पदरात पडला. ओरोसला जिल्हा ग्राहक मंचात तक्रार घातली. चौदा महिने तारखा केल्या, इथून कुडाळ, कुडाळला गाडी बदलून ओरोस, डबा घरचा. दोन तारखा माझ्याच कागदांत खोट निघाली म्हणून गेल्या, बाकीच्या दुकानदार फिरकला नाही म्हणून. शेवटी ९,२०० परत आणि खर्चाचे ३,००० मिळाले. एसटीचा हिशेब काढलास तर फायदा फार नाही. पण मी हिशेब काढला नाही.

खोटं कशाला लिहू, गमावलंही आहे. एका गावात डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ठरली होती, बिदागी ठरली होती. पहाटे मंडळाने पाकिटात पाचशे कमी घातले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मी मंडपाच्या पायरीवर बसून राहिलो, पाचशे हातात पडेपर्यंत. पडले. पुढच्या वर्षी त्या गावाची सुपारी आली नाही, शेजारच्या दोन गावांचीही नाही. माझा पखवाजवाला वीस वर्षांचा सोबती. त्याने पखवाज गवसणीत घातला आणि म्हणाला, "बुवा, तुमचा बरोबर आसता, पण माझ्या घरात चूल पेटाक व्हयी." गेला दुसऱ्या बुवाकडे.

मी चुकलो का? नाही. जनरेटरवाल्याला पुरे पैसे, मंडपवाल्याला पुरे पैसे, फटाक्यांना पैसे, आणि रात्रभर गळा फोडणाऱ्यांचे तेवढे पाचशे कमी, हे चालवून घ्यायचं का? पखवाजवाल्याच्या दोन मुली शाळेत होत्या, हे पायरीवर बसताना माझ्या डोक्यात आलं नाही, एवढं मात्र खरं. आलं असतं तर उठलो असतो का, ते मला आज विचारू नकोस. आजही बाजारात भेटला की तो रिक्षा थांबवतो, सोडतो घरापर्यंत, पैसे घेत नाही. मी जबरदस्तीने खिशात कोंबतो.

आता ते ट्रॅकचं, आधीच भरून ठेवलेल्या साथीचं. मंडळवाले म्हणाले, स्पीकर आमचा, तू फक्त पेनड्राइव्ह घेऊन एकटीच ये, पैसे पूर्वीएवढेच देऊ. सहा जणींना वाटून द्यायचे नाहीत म्हणजे तुझ्या हातात जास्त पडतात, कळतं मला. आणि तू हे सांगताना माझ्याकडे न बघता उंबऱ्याकडे बघत होतीस, तेही कळलं. ट्रॅकवर गाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पोटाला लागतं. पण तुला एक सांगतो. परवा चवथीत स्पीकर गेल्यावर तुम्ही पुढची चार घरं उघड्या गळ्याने गायलात. चौथ्या घरी गौळण म्हणताना तुझा श्वास तुटला. मी भिंतीला टेकून बसलो होतो. तुमच्या पखवाजवालीने एक मात्रासुद्धा न सांडता तेवढं आवर्तन फिरवून घेतलं, बायकांनी धृपद पुन्हा उचललं, आणि तू परत जागेवर आलीस. घरच्या कोणाला कळलंही नाही. ट्रॅक तुझ्यासाठी थांबला असता? तो आपला पुढे निघून गेला असता, आणि तू माईक धरून त्याच्यामागे धावत राहिली असतीस. आज स्पीकरला जांव दे म्हणशील, उद्या पखवाजवालीला. शब्द तोच आहे, फक्त माणूस बदलतं.

बरं, रागावतोय असं समजू नकोस. थोडा रागावतोयच.

मंगळवारी सकाळी साडेनऊला तयार राहा. आधी आपण दोघं दुकानात जाऊ, पण बोलायचं तू. मी बाकावर बसेन. लेखी अर्ज द्यायचा, एक प्रत आपल्याकडे, तिच्यावर सही आणि तारीख. खारी हवा लागलीय म्हणतो ना, तर ते कागदावर लिहून दे म्हणायचं. बघ, पेन सापडत नाही त्याला. आवाज चढवायचा नाही आणि उठायचंही नाही. खोका, थर्मोकोल, वायर, जे आलं होतं ते सगळं घे. खोका टाकून दिला असशील तर मला आज संध्याकाळपर्यंत कळव, माझ्या माळ्यावर खोके आहेत.

झांजवालीला बरोबर आण. हप्ता तिचा चाललाय, तिने समोर असायला हवं.

आणि संध्याकाळी तालमीला येताना पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायला गव्हाचं पीठ आण. गेल्या वेळी घरात कणीक संपली म्हणून तू मैदा आणलास आणि मीही काही बोललो नाही.

तुझा,
काका